झिजलेली जागा

५ मार्च, बुधवार

उंची साडेसात इंच, रुंदी सव्वापाच. कागद जुना, मधोमध आडवा फाटलेला. मागे जाडा पुठ्ठा, पुढे काच, सागाची साधी पट्टी.

काचवाल्याने फुकट दिलेली ही डायरी मी मापं टिपायला ठेवली आहे. आजही माप लिहायलाच उघडली, पण माप लिहून झालं तरी पेन खाली ठेववेना.

बाई सकाळी दहाला दुकानात आल्या. कपाळावर राखेचा डाग होता. म्हटलं, बाई, कपाळाला काहीतरी लागलंय. तर म्हणाल्या, लागलं नाही, लावलंय, आजपासून आमचा उपासाचा काळ सुरू. मीही येडाच, वीस वर्षं मस्कतमध्ये काढून हे विसरतो. क्लोटिल्डा नाव. वसईच्या. इथेच वादी कबीरला मागच्या गल्लीत राहतात आणि मदिनत सुलतान काबूसला दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसतात. नवरा रॉक पाच वर्षांपूर्वी गेला. मराठी बोलणारं गिऱ्हाईक आलं की मी जरा मऊ होतो, हे मान्य करायला हरकत नाही.

त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून बायबल आणि बायबलातून हे चित्र. येशू थडग्याच्या काठावर बसलाय, हात पोटावर एकावर एक, अंगभर फटक्यांचे वळ. सगळं काळ्या बारीक रेघांत. उजव्या कुशीत भाल्याची जखम असणार, पण तिथे जखम नाहीच. अंगठ्याएवढी जागा झिजून पांढरी पडलीय, कागदाचा कापूस झालाय. त्यांच्या आजीच्या आजीच्याही आधीपासून घरात आहे म्हणे, पोर्तुगीज वसईत होते तेव्हाचं.

मुलगा गॅव्हिन इथून दूर दुक्मला बांधकामावर होता. २९ जानेवारीला परांचीवरून पाय घसरून पडला, डोक्याला मार लागला, तेव्हापासून इथे आयसीयूत आहे, शुद्ध नाही. मुलगी व्हेनेसा वसईहून आली ती हे चित्र घेऊन आली, आणि बॅगेत घडीवर फाटलं. आयसीयूत जुना कागद नेऊ देत नाहीत, पण काचेत असेल तर पुसून घेता येतं, तेवढं चालेल म्हणाली सिस्टर. "मागचं मात्र उघडता आलं पाहिजे, भाऊ. रोज," असं त्यांनी दोनदा सांगितलं. फ्रेम रोज उघडून काय करायचंय, देव जाणे. धूळ जाईल म्हटलं, तर नुसत्या हसल्या. मागे खिळ्यांऐवजी फिरक्या लावीन.

त्या पांढऱ्या जागेकडे मी बघतोय हे पाहून ओशाळल्यासारख्या म्हणाल्या, खूप हात लागलेत.

७ मार्च, शुक्रवार

सुट्टी. फोन भरला होता, फोटो उडवत बसलो. अर्धे फोटो बायकोने पाठवलेले. प्रेमा तिचं नाव, तिला फोटो काढता येत नाही आणि मी पडलो फ्रेमवाला, म्हणजे ताटात माशी पडल्यासारखं होतं. दर चतुर्थीला पूजेच्या आधी ती गणपतीचा फोटो पाठवते. मुकुट कापलेला, सोंड अर्धी, मध्यभागी नुसते हात. प्रत्येक वर्षी तेच. स्मार्टफोन नव्हता तेव्हा स्टुडिओतून धुऊन पोस्टाने पाठवायची, त्यातही हातच. अख्खा गणपती एकदाही चौकटीत आला नाही. दोनदा तिला शिकवलं, मग नाद सोडला. त्यातले तीनच ठेवले.

दुपारी तिचा फोन आला. सावंतवाडीला उकाडा सुरू झालाय, मुलगा कौशिक पुण्याहून येऊन गेला, फणस लागलेत. शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला, "हात कशे आसत तुमचे?" मी म्हटलं, हातांना काय धाड भरलीय.

९ मार्च, रविवार

दुकानाच्या अर्बाबची, म्हणजे मालक जमालची, मुलगी उमामा रोजा सोडायच्या आधी दुकानात येऊन गेली. ती म्युझियममध्ये जुन्या कागदांचं काम करते. बापापेक्षा तिची हिंदी चांगली आहे. तिला चित्र दाखवलं तर पर्स खाली ठेवायचंही विसरली.

हे हाताने काढलेलं नाही म्हणाली. तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने रेघा कोरायच्या, खाचांत शाई भरायची, पत्रा पुसायचा आणि ओला कागद वर ठेवून दाबायचा. तीनशे वर्षांपूर्वीचं तरी असेल, कदाचित जास्तच. युरोपात अशी चित्रं हजारांनी छापायचे, जहाजांतून गाठोडी भरून जायची. गरिबाला रंगीत देव परवडत नसे, त्याच्यासाठी हा. मी विचारलं, हजारांनी छापली तर मग आता दिसत का नाहीत? म्हणाली, लोकांनी वापरून संपवली.

तिने भिंगातून ती पांढरी जागा बराच वेळ पाहिली. मग मला बजावलं, फाटलेलं जोड, त्यासाठी मी पातळ जपानी कागद आणून देते. बाकी कशालाही हात लावू नकोस. पोरगी हुशार आहे. पण ज्यांच्याकडे मूर्तीच नाही त्यांना खंडित मूर्तीचं काय कळणार, असं मनात आलं. बोललो नाही, अर्बाबची मुलगी आहे.

१३ मार्च, गुरुवार

जोडलं. मैद्याची खळ चारदा गाळली, उमामाचा कागद मागून लावला, दोन काचांमध्ये वजन ठेवून वाळवलं. फट कुठे होती ते आता मलाही शोधावं लागतं. चार दिवसांचं काम. खरं म्हणजे आजच द्यायला हवं.

क्लोटिल्डाबाई कामावरून येताना डोकावल्या, झालं का विचारलं. मी म्हटलं, आणखी आठ-दहा दिवस, इन्शाल्ला. गॅव्हिनचा एक डोळा उघडतो, पण बघत नाही म्हणाल्या. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा त्या सारखा एकमेकांवर घासत होत्या. सवय असते एकेकाला.

खोटं का बोललो ते लिहून ठेवतो. ती जागा मला स्वस्थ बसू देत नाही. आपल्याकडे मूर्तीचा टवका उडाला तरी ती पूजेत ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. खंडित देवासमोर केलेलं पोचत नाही. इथे तर देवाची मुख्य जागाच गेलेली आणि ही बाई त्याच्यापुढे मुलाचा जीव मागतेय. तिला सांगून काय उपयोग, त्यांच्यात हे नसेल. पण माझ्या हातात कुंचला असताना मी बघत बसायचं?

१९ मार्च, बुधवार

भिंगाखाली दोन तास. एकेक रेघ टोकाला केसासारखी, मध्ये फुगते, पुन्हा बारीक होते. जिथे वळ आहे तिथे रेघा जवळ जवळ, जिथे उजेड तिथे लांब. कोणी कोरलं असेल? पोटापाण्यासाठी दिवसाला इतके वळ, इतके काटे. त्याच्या घरी कोणी आजारी पडलं तरी त्याला दुकानात येऊन देवाच्या अंगावर घावच कोरावे लागले असणार.

मी गणपतीच्या शाळेतला. सावंतवाडीला बाबांची मूर्ती घडवायची शाळा होती, आषाढापासून चतुर्थीपर्यंत तिथे शाडूचे चारशे गणपती. वयाच्या चौदाव्या वर्षापासून डोळे मी आखायचो. तेव्हाचा खारीच्या केसांचा कुंचला अजून माझ्या ट्रंकेत आहे. तो कशासाठी आणला इथे, वीस वर्षांत एकदाही काढला नव्हता.

जमाल बाजूला येऊन उभा राहिला. विचारलं, कसली तयारी? सांगितलं. म्हणाला, जेवढं सांगितलंय तेवढंच कर रामकृष्ण, खलास. हा आयती फ्रेम विकणारा माणूस, त्याला वाटतं सगळं काम पट्टी आणि काचेचंच असतं.

२२ मार्च, शनिवार

हे कुठेच लिहिलेलं नाही. आज लिहितो, पण त्याचा या चित्राशी संबंध नाही.

२००३ ची चतुर्थी. शाळेतून घरचा गणपती मीच डोक्यावरून आणला. पाटावर ठेवताना आशीर्वादाच्या हाताची करंगळी टचकन तुटली. पहाटेची वेळ, चिमटीएवढा शाडू लावून अर्ध्या तासात जोडता आली असती. प्राणप्रतिष्ठा व्हायच्या आधी जोडलेलं चालतं. पण भटजी दारात उभे, त्यांना पुढे अकरा घरं. आणि गणपतीच्या शाळेवाल्याच्या घरचा गणपती तुटका, ही लाज. मी करंगळीवर जास्वंदाचं फूल ठेवलं आणि गप्प बसलो. अकरा दिवस रोज मीच फूल बदलत होतो, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

कार्तिकात आमची रेवा तापाने गेली. सात वर्षांची. आरतीला सगळ्यात मोठ्याने तीच ओरडायची.

पुढच्या वर्षी एकाही गणपतीचे डोळे मला आखता आले नाहीत. हात थरथरायचा. मग इथे आलो. प्रेमाला मी हे कधीही सांगितलेलं नाही. तिने आयुष्यभर तापाला दोष दिला, तो बरा.

३० मार्च, रविवार

आज पाडवा. मुहूर्त चांगला, जखम भरायला घेतली. हात थरथरला नाही. दिवसभरात वीस रेघा झाल्या. बावीस वर्षांनी मला माझा हात परत मिळाल्यासारखं वाटतंय, त्या आनंदात जेवायचं विसरलो.

६ एप्रिल, रविवार

ईदची सुट्टी गेली, पुन्हा काम. जखम जवळजवळ झाली. कडा, कडेवरचा थेंब, खालची सावली. कुठे छापील संपतं आणि कुठे माझं सुरू होतं ते भिंगाखालीही कळत नाही.

बाई आज पुन्हा येऊन गेल्या. ओठ सुकलेले. गॅव्हिनला न्यूमोनिया झालाय. झालं नसेल तर तसंच द्या भाऊ, फाटकं दिलंत तरी चालेल, म्हणाल्या. मी म्हटलं, एवढं थांबलात तर आणखी आठवडा थांबा, तुमचं थांबणं फुकट जाणार नाही. जाताना त्यांनी काउंटरच्या कडेवर बोट घासलं. त्यांना काय मिळणार आहे ते त्यांना ठाऊक नाही, या विचाराने मला आतून हसू फुटत होतं.

१३ एप्रिल, रविवार

दिलं.

सकाळी चर्चमधून थेट आल्या, हातात झावळीचा छोटा क्रूस. मी काच लखलखीत पुसून ठेवली होती. त्यांनी समोरून पाहिलं आणि चेहरा उजळला. मग तिथेच काउंटरवर फ्रेम पालथी घातली, चारही फिरक्या फिरवल्या, पुठ्ठा काढला, कागद अलगद सुलटा केला. डोळे मिटून उजव्या हाताची तर्जनी नेमकी त्या जागी ठेवली. मला तेव्हा कळलं, रोज उघडायचं ते यासाठी.

बोट तिथेच थांबलं. मग डोळे उघडून त्यांनी वाकून पाहिलं.

"हे तुम्ही भरलंत?"

मी हो म्हटलं, मोठ्या उत्साहाने. वाटलं आता कौतुक होणार. त्यांनी बोट उचललं, पुन्हा ठेवलं, आजूबाजूला सरकवलं, अंधारात दिव्याचं बटण शोधतात तसं.

"इथे माझी आई होती," त्या म्हणाल्या. "तिची आई होती. मला बोट ठेवलं की लागायच्या त्या."

रडल्या नाहीत. कागद आत ठेवला, फिरक्या लावल्या, थँक्यू म्हणून गेल्या. क्रूस काउंटरवरच राहिला.

१४ एप्रिल, सोमवार

मला राग आलाय. तीन आठवडे डोळे फोडून घेतले. कोणी बोट घासून घासून देवाला भोक पाडतं का? आणि पाडलं तर दुसऱ्याने बुजवलं म्हणून तोंड पाडायचं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. यापुढे कोणाच्या देवाला हात लावणार नाही. पट्टी, काच, खिळे, बस्स.

१६ एप्रिल, बुधवार

उमामा आली. तिला सांगावंच लागलं. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आमच्याकडे अशा चित्रांवर कोणी राजाने सही केली असेल तरी आम्हाला तेवढं वाटत नाही, जेवढं अशी झिजलेली जागा सापडली की वाटतं. आजोबांच्या कुराणाच्या पानांचे कोपरे अंगठ्याने काळे झालेत, ते आईने कधी पुसू दिले नाहीत.

मी विचारलं, काढता येईल का? तिने विचारलं, कुठली शाई? मी सांगितलं. तिने मान हलवली. पाण्याने निघणार नाही. खरवडायला गेलास तर खालचा कापूस सुटेल आणि भोक पडेल.

म्हणजे गणपती करायला गेलो नि मारुती झाला. बाईंनी मला सहा आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं, खूप हात लागलेत. मी ते तक्रार म्हणून ऐकलं. मधल्या पाच आठवड्यांत त्यांचं बोट काउंटरवर, अंगठ्यावर, जिथे सापडेल तिथे घासत होतं आणि मी ते चार दिवसांचं काम दाबून ठेवून आतल्या आत हसत होतो. हे लिहिताना मला माझी शिसारी येतेय.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज त्यांचा गुड फ्रायडे. सुट्टी होती, हॉस्पिटलात गेलो. व्हेनेसा आत होती, बाई बाहेर खुर्चीवर. फ्रेम मांडीवर उलटी. गॅव्हिन मशीनवर आहे, डॉक्टर आता उमेद देत नाहीत.

मी माफी मागितली. त्यांनी विचारलं, पण का केलंत? तेव्हा मी खंडित मूर्तीचं सांगितलं, आणि मग का कोण जाणे, करंगळीचंही. जास्वंदाचं फूल, अकरा दिवस, रेवा, सगळं. कॉरिडॉरमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॉल्यांच्या मध्ये. आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द तोंडातून बाहेर आले आणि ते एका वसईच्या बाईपुढे, जिचं मी वाटोळं केलं होतं.

त्यांनी मांडीवरची फ्रेम सुलटी केली.

"आमचा देव मोडलेलाच आहे, रामकृष्णभाऊ," त्या म्हणाल्या. "म्हणून तर त्याच्याकडे जायला लाज वाटत नाही."

मग म्हणाल्या, मला राग नाही असं मी म्हणणार नाही. मला राग आहे. बोट ठेवलं की मला तुमचं काम लागतं, आईचं नाव येत नाही, गॅव्हिनचं येत नाही. आज तीन वाजता, प्रभू गेला त्या वेळेला, मला प्रार्थना करायची होती, झाली नाही. तुमच्या मुलीसाठी वाईट वाटतं, तेही खरं आहे.

मी बसून राहिलो. त्यांनी जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. व्हेनेसा बाहेर आल्यावर मी उठलो.

२४ एप्रिल, गुरुवार

गॅव्हिन आज पहाटे गेला. सत्तावीस वर्षांचा. जमालला सांगितलं, त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. मी दिवसभर एकच पट्टी कापत होतो, एकदाही कोपरा जुळला नाही.

जखम भरली नसती तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी उमेद आधीच सोडली होती, हे मला माहीत आहे. पण आई पाच आठवडे रिकाम्या हाताने बसली आणि शेवटचे अकरा दिवस माझ्या कलाकुसरीवर बोट फिरवत बसली, हे तर मी केलं. रेवाच्या वेळी गप्प बसलो म्हणून चुकलं. या वेळी गप्प बसलो नाही म्हणून चुकलं. मग माणसाने करावं तरी काय?

२८ एप्रिल, सोमवार

कागदपत्रं झाली, आज संध्याकाळच्या विमानाने गॅव्हिनला वसईला नेतायत. बाई सकाळी दुकानात आल्या. काळे कपडे. एकदम म्हाताऱ्या दिसल्या. मला वाटलं शेवटचं काही सुनवायला आल्या. ऐकायची माझी तयारी होती.

त्यांनी फ्रेम काउंटरवर ठेवली, कागद बाहेर काढला, फ्रेम बाजूला सारली. म्हणाल्या, काच तुमच्याकडेच ठेवा, ती आता नको. मी महिन्याच्या मिस्सानंतर, चर्चमधली त्याची प्रार्थना झाली की, परत येईन, नोकरी आहे. तोवर हे तुमच्याकडे राहील.

मी म्हटलं, माझ्याकडे कशाला, व्हेनेसाकडे द्या.

"तुम्ही भरलंत, तुम्हीच पुसा. खरवडायचं नाही. पाणी नाही, रबर नाही. हात धुवायचा, कोरडा करायचा, रोज एकदा बोट ठेवायचं आणि ज्याच्यासाठी ठेवायचं त्याचं नाव घ्यायचं."

मी म्हटलं, बाई, असं पुसायला वर्षं जातील.

"जातातच," त्या म्हणाल्या.

मग माझा हात धरून त्यांनी मला ते कसं ठेवायचं ते दाखवलं. दाबायचं नाही. बाळाच्या कपाळावर ठेवतो तेवढंच. बोट गार पडलं होतं, त्यांचं की माझं ते कळलं नाही.

२ मे, शुक्रवार

चार दिवस झाले. रोज बोट ठेवतो आणि गॅव्हिनचं नाव घेतो. न पाहिलेल्या पोराचं नाव घेताना प्रथम अवघडल्यासारखं झालं, आता होत नाही. शाई आहे तशीच आहे. असणारच, तिला कशाने धक्का लागू नये म्हणूनच मी ती निवडली होती.

जमालने विचारलं, हे काय नवीन? मी म्हटलं, शिक्षा. त्याने मान डोलावली, जणू दुकानात हे रोजचंच आहे.

९ मे, शुक्रवार

आज गॅव्हिनच्या जागी तोंडातून दुसरंच नाव आलं. बोट उचलता येईना. किती वेळ गेला सांगता येत नाही. चहा पूर्ण निवला होता.

१६ मे, शुक्रवार

जेवण झाल्यावर प्रेमाला व्हिडिओ कॉल लावला. आधी फणसाच्या भाजीचं बोलली, मग हात कसे आहेत विचारलं. मी म्हटलं, हातांचंच सांगायचंय. आणि सांगितलं. करंगळी, भटजी, फूल, आणि हा कागदही. मी मान वर केली नाही. वाटलं, ती फोन ठेवून देईल. बावीस वर्षं मी तिच्यापुढे चोरासारखा जगलो, तिला हक्क होता.

शेवटी वर पाहिलं. पदराने तोंड पुसत होती.

"माका म्हायत होता," ती म्हणाली. "त्याच सकाळी बघितलंय मी, दिवो लावताना. तुमी कायतरी बोलशात म्हणान वाट बघलंय. मगे मी पण गप रवलंय."

तिने त्या सकाळी बोलायला हवं होतं, असं ती रेवाचं झाल्यापासून रोज स्वतःशी म्हणत आलीय, म्हणाली. एकटीच. कोणाला म्हणून सांगणार. आणि मी इथे बसून तिच्या फोटोंना नावं ठेवत होतो. मुकुट कापलेला, सोंड अर्धी. दर वर्षी पूजेच्या आधी एकेक बोट मोजून मला पाठवत होती ती, हातावर एक फूल न ठेवता, की बघा, या वर्षी सगळी आहेत.

मग विचारलं, तो तुमचा कागद दाखवा बघू. मी कागद फोनसमोर धरला, जखम वरच्या बाजूला येईल असा, तिला नीट दिसावी म्हणून. खंयची जागा, म्हणाली. मी सांगितलं. ती जवळ आली, चष्मा नव्हता, तोंड पडद्याला लागेल इतकी. मग तिने बोट वर केलं.

पडदा लाल झाला, अंधारा लाल. तिचं बोट कॅमेऱ्यावर आलं होतं. तिला ते कळलं नव्हतं. आतून तिचा आवाज आला, रेवाचं नाव, आरतीच्या वेळी तिला हाक मारायची तसं.

बोट काढ, काही दिसत नाही, असं मी म्हणालो नाही. माझंही बोट मी ठेवलं. कॉल आपोआप बंद होईपर्यंत आम्ही दोघंही तसेच होतो.